सहकुटुंब सेवा

“आज आपल्या घराण्याच्या हातून भुकेल्यांची सेवा घडणार आहे,” बेघरांच्या निवाऱ्याच्या दारात बाबांनी जाहीर केलं आणि एप्रनची गाठ बांधून घ्यायला आईकडे पाठ केली. चारचौघांत तरी आपलं घर न भांडता दिसावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पहिल्याच ताटात त्यांनी भाजी वाढली, तशी आई म्हणाली, “अहो, पळी भरून वाढा. हे काय आपलं घर आहे?”

आजीला ते झोंबलं. “म्हणजे माझ्या घरात तू उपाशी राहिलीस होय गं?”

बाबा पळी उंच धरून दोघींना समजावू लागले. रांग खोळंबली, भाजी निवली. ताट धरून ताटकळलेला म्हातारा हळूच पुढे झुकला.


“साहेब, तुमचं सावकाश चालू द्या. ती पळी तेवढी इकडे द्या.”