फ्लेक्सचं तळं

"काकू, हे आत्ताच्या आत्ता उपस!" पुतण्या गहिनीनाथ मागच्या दारातूनच ओरडला.

मंजुळाबाई जागची हलली नाही. तळ्याशी उकिडवी बसून ती कळी बघत होती. तळं म्हणजे काय, गुडघाभर खड्डा, भोवती ट्रॅक्टरचा चिरलेला टायर, फरशीचे तुकडे आणि मधोमध तोंड फुटलेल्या माठात कुमुदिनीचा कंद. ऊसतोडीहून परतताना तिनं तो ओल्या फडक्यात बांधून आणला होता. अडीच महिने हापशावरून घागरी वाहिल्या, तेव्हा कुठं आज पहिली कळी वर आली.

पाणी मुरू नये म्हणून तिनं खाली फ्लेक्स अंथरला होता. मागच्या उन्हाळ्यात वावटळीनंच तो चौकातून उडवून तिच्या पत्र्यावर आणून टाकला होता. तिची चूक असलीच तर एवढीच, की गुळगुळीत बाजू वर केली. त्या बाजूला या काठापासून त्या काठापर्यंत आमदारसाहेब हात जोडून हसत होते. डोक्यावर अक्षरं, 'घर तिथं नळ'. नाकावर बेडूक बसला होता.

"साहेब आत्ता याच गल्लीनं येनार हायेत. कुनी फोटू काढला तर माझी काय इज्जत ऱ्हाईल?" गावातले साहेबांचे सगळे फ्लेक्स गहिनीनाथच लावायचा.

मंजुळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नळ कुठाय रं गहिन्या? तूच आलतास ना फारम भरून घ्यायला? तीन वर्सं झाली, पाईपाचा तुकडा दिसला न्हाई. अन् मी डोक्यावर वाहिलेलं पानी तू मला वतायला सांगतूस?"

"ते मागून बघू. आधी हे काढ."

"मी न्हाई काढत. इज्जत तुझी जाती ना? मग तूच काढ."

त्यानं दात-ओठ खात एक कोपरा ओढला. वर पाण्याचा भार, आत चार मोठे दगड. फ्लेक्स तसूभरही हलेना. दगड काढायचे तर आत उतरणं भाग होतं. त्यानं चप्पल काढली, पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय उचलला.

"उतर की," मंजुळाबाई म्हणाली. "पाय कुठं ठेवतूस, तेवढं बघून ठेव."

गहिनीनाथनं खाली पाहिलं. कपाळ, गाल, हनुवटी, जोडलेले हात. मोकळी जागा कुठंच नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. त्याचा पाय अजून अधांतरीच होता.