गाडीत दोष नाही

“काकू, गाडीत काही दोष नाही,” सर्व्हिस मॅनेजर म्हणाला. नजर पडद्यावरच होती. “मशीन लावून बघितलं. सगळं ओके दाखवतंय.”

काकूंनी हेल्मेट काउंटरवर आपटलं. “मग त्या मशीनलाच घेऊन जा चौकात. भर रहदारीत बंद पडते ती. मागून ट्रक येत असतो. आणि शेजारी हे बसलेले असतात.”

हे म्हणजे काका. बाहेर वर्कशॉपच्या दाराशी मोटारसायकल उभी होती आणि तिला जोडलेल्या साइडकारमध्ये ते बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणी तिथे ठेवून दिल्यासारखा.

काका भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा, की कितीही गलका असो, बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाचा व्यापारी मान वर करायचा. भांडायलाही तोच आवाज. दुकानदार, शेजारी, सख्खा जावई, कुणाची गय नाही. काकू मात्र भांडण दिसलं की आत निघून जायच्या. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि काकांच्या तोंडाला कुलूप लागलं. कळायचं सगळं, शब्द तेवढा फुटायचा नाही. बसच्या पायऱ्या त्यांना चढता येईनात. म्हणून काकू या वयात मोटारसायकल शिकल्या, याच शोरूममधून साइडकार बसवून घेतली, आणि काकांना बोलण्याच्या व्यायामाला नेऊ लागल्या. तिथली ताई चित्रं दाखवायची. पाणी. दार. मांजर. काका घामाघूम व्हायचे. ओठ हलायचे आणि बाहेर नुसता वारा यायचा.

त्यात ही गाडी. आधी शोरूमवाले म्हणाले पेट्रोल खराब असेल. मग म्हणाले नवी आहे, रुळेल. एकदा ठेवून घेतली आणि परत दिली ती धुऊनपुसून चकाचक. दुसऱ्याच वळणावर ती मेली. फोन करावा तर गाणं वाजायचं. भांडण ही काकूंच्या हातची गोष्ट नव्हती. आता त्या आरशासमोर सराव करून येत होत्या.

“चला, दाखवतोच तुम्हाला,” म्हणत मॅनेजर बाहेर आला. मेकॅनिकने बटण दाबलं. इंजिन लगेच सुरू झालं.

“बघा. कशी गुपचूप चालतेय.”

“थंड आहे तोवर चालतेच हो. तापली की—”

“साइडकारचं वजन आहे, काकू. शिवाय क्लच तुम्ही कसा सोडता, कोण जाणे.” तो समजूतदारपणे हसला. “घरात गाडीतलं कळणारं कुणी माणूस नाही का? त्यांना पाठवा. उगाच तुमच्याशी वाद कशाला?”

हे तो काकांच्या डोक्यावरून बोलला. काका म्हणजे जणू सीटवर ठेवलेली पिशवी.

काकूंनी तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं उडून गेलं होतं. डोळे मात्र भरून आले.

“थापाड्या!”

मॅनेजरने दचकून मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. पलीकडे चाक सोडवणारे दोघे जागच्या जागी थांबले.

काका साइडकारमध्ये ताठ झाले होते. मानेची शीर फुगली होती. डावा हात वर गेला होता.

“थापाड्या! खोटं... खोटं बोलतोस!”

आवाज वरच्या पत्र्यावर आदळून खाली आला. घोगरा होता, कडेला फाटला होता, पण तोच होता. काकूंच्या अंगावर सरसरून काटा आला. हा आवाज पुन्हा कानी पडेल ही आशा त्यांनी कधीच सोडली होती. कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच. आता त्यांना हलायचीही भीती वाटली. आपण श्वास घेतला आणि तो निघून गेला तर?

गाडी तशीच चालू राहिली होती. ती दोनदा अडखळली, खोकली आणि बंद पडली.

काकू साइडकारपाशी गुडघ्यांवर बसल्या. “पाणी म्हणा बरं,” त्या कुजबुजल्या.

काकांचे ओठ हलले. वारा.

“माझं नाव घ्या. निदान अगं म्हणा.”

वारा.

मॅनेजरने गप्प झालेल्या इंजिनाकडे पाहिलं, मग काकांकडे. त्याचा चेहरा पार उतरला होता. “चुकलं माझं, काका,” तो म्हणाला. “तुमचंच खरं. गाडी ठेवून जा, आजच्या आज इंजिन खोलतो. लागेल तो पार्ट नवा टाकू. तुम्हाला घरी सोडायची सोय करतो. काकू, तुम्ही म्हणाल तसं.”

एवढं ऐकायलाच तर काकूंनी इथे चपला झिजवल्या होत्या. पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या काकांकडे बघत होत्या. उगारलेला हात हळूहळू खाली येत होता. फुगलेली शीर बसत चालली होती. समोरचा नमला होता, आता बोलायचं कुणाला? ओठ मिटत होते.

काकू झटक्यात उठल्या. त्यांनी मॅनेजरचं मनगट धरलं आणि त्याला काकांच्या पुढ्यात आणून उभं केलं.

“गाडी राहू द्या हो! तुम्ही आधी यांच्याशी भांडा!”