पाहुणीपुढची मूठ

बायकोच्या अंगातला जोर गेलाय. आंघोळीला मीच उचलतो, पण पंच्याऐंशीत माझेही हात थरथरतात. मदतनीस मिळावी म्हणून आज नगरपालिकेची परिचारिका तपासायला येणार होती. "फुमिए, आहेस तशीच दिस," मी बजावलं. "पाहुणीपुढं लोळत पडू? गुडघ्यांवर ताठ बसवा मला." तातामीच्या चटईवर बसवलं. दार वाजताच हिनं गार बोटं चहाच्या पेल्यावर शेकली. परिचारिकेनं दिलेलं मुठीचा जोर मोजायचं यंत्र दात आवळून दाबलं. काटा एकवीस किलोवर गेला. बोटांना तापमापी टेकवून परिचारिका म्हणाली, "छान ऊब आहे, आजी! माझ्याहून दणकट आहात. एकट्या उठता ना?" "उठते की! ह्यांच्याशी कुस्तीही खेळते." पाहुणीदेखत बायकोला खोटं कसं पाडणार? मी हसलो. कागदावर 'मदत नको' लिहून परिचारिका गेली. "उठवा मला." मी काखांत हात घालून तीनदा जोर लावला, ती जागची हलेना. मग तिच्याशेजारी बसलो.