स्टीलच्या पेल्यातली ताडी

"ताडी कसली ही, खोकल्याचं औषध हाय," मुलाचे वडील बायकोच्या कानात पुटपुटले. पण घर एवढंसं, की चुलीपुढच्या सुकीला ते लख्ख ऐकू गेलं.

तिच्या लेकीला, संगीताला बघायला पाहुणे कैनाड गावावरून आलेले आणि ऐन वेळी शेळीने ताडीचं मडकं लवंडवलं. पाहुण्यांना कोरडं कसं बसवायचं? म्हणून तिने दोन वर्षं तांदळाच्या कणगीमागे पडलेली पांढऱ्या वाइनची बाटली काढली. संगीता कामाला जाई त्या हॉटेलच्या शेठाणीने दिवाळीला सगळ्या कामगारांना एकेक वाटलेली. बूच निघेना, ते उलथन्याने आत ढकललं. रंग दिसू नये म्हणून स्टीलचे पेले घेतले.

मुलाच्या वडिलांनी जिभेवरचा बुचाचा तुकडा गुपचूप चटईखाली सरकवला आणि पेला खाली ठेवला. सोयरीक गेलीच, असं धरून सुकीने घाईघाईने सुके बोंबील भाजून पुढे केले. पाहुण्यांनी बोंबील चावला, नाइलाजाने वर एक घोट घेतला आणि थांबले. मग आणखी एक घेतला. मग रिकामा पेलाच पुढे आला.

"आता बरी लागते ताडी."

"आमच्याच झाडाची," सुकी खाली बघत म्हणाली.

मुलाच्या आईने पदराआड हसू दाबून पाहिलं, पण जमलं नाही.

"पुरे आता, विहीणबाय. त्या दिवाळीला आमचा हा पोरगा धनेश पण संगीताच्याच हॉटेलात माळी होता, त्याला पण हीच बाटली मिळालेली. आम्ही एकेक घोट घेतला नि बाकीची चिकूच्या मुळाशी ओतली. बोंबील भाजायचं कोणाला सुचलंच नाय!"