डावखुरी मूठ

छकुली पोटात असताना, सत्त्याण्णव साली, शालनचा नवरा मल्हार नरसिंहपूरच्या संगमावर गळ टाकायला गेला आणि परतलाच नाही. काठावर त्याच्या गळाची जुनी विलायती चरखी तेवढी सापडली. दोन वर्षांनी, छकुली झोळीत झोपल्यावर, शालननं ती पहिल्यांदा खोलली.

दातेरी चाकं रॉकेलमध्ये धुतली, शिलाई मशीनचं तेल सोडलं. तिच्यावरचा गळाचा दोरा, कडक झालेला तंगूस, उलगडून चुलीत घातला. रिकामी चरखी गरागरा फिरली तसं तिला बरं वाटलं.

"मूठ उजवीकडं बसव," सासरे दारातनं म्हणाले. "डावखुरा आता कोण हाय घरात?"

"राहू द्या की आबा. आल्यावर परत बदलावी लागंल."

"पोरी, किती वाट बघशील?" म्हणत आबा उसाला पाणी द्यायला गेले.

त्यांचा शब्द मोडवेना. तिनं मूठ उजवीकडं आवळली, झोळीला चार झोके दिले आणि वळून बघितलं, तर मूठ डावीकडं.

आपलंच चुकलं असेल, म्हणून तिनं ती पुन्हा उजवीकडं बसवली आणि पाठमोरी पीठ मळायला बसली.

मागं टक, टक असा आवाज यायला लागला. मासा ओढून घेताना यायचा तसा, सावकाश.

मूठ डावीकडं होती आणि आपली आपण फिरत होती. दारातनं ओला, कोरा तंगूस आत येऊन चरखीवर गुंडाळला जात होता. बाहेर कशाच्या तरी ओझ्यानं तो ताणला होता.

लग्नापासून तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आताही घेतलं नाही.

"अहो, दमानं या," ती म्हणाली. "पोरगी भिईल. तिनं तुमास्नी कधी बघितलं न्हाय."