माळढोकाचं पान

"काका, भाव पडला!" वनरक्षक रुक्साना मचाणावर कुजबुजली, पण आनंदाच्या भरात ती कुजबूज ओरडण्याएवढी झाली.

पक्षी ओळखायच्या त्या ॲपमध्ये कावळ्या-चिमणीची पानं फुकट होती. जो पक्षी जगात जितका कमी उरलेला, तितकं त्याचं पान महाग. माळावरचे कॅमेरे पक्षी मोजायचे आणि किंमत त्याच क्षणी बदलायची. माळढोकाचं पान सहा वर्षं एक कोटीवर अडकलं होतं, कारण एकटा नरच उरला होता.

आज मोबाईल थरथरला तेव्हा त्यावर पन्नास लाख दिसत होते.

"काहीतरी बिघडलं असेल गं," निवृत्त मास्तर भागवतकाका म्हणाले, पण दुर्बीण त्यांनी तिच्या हातातून ओढूनच घेतली. कुसळी गवत हललं. मान ताठ ठेवून एक मादी बाहेर आली.

"अगं, खरंच की! कुठे दडली होतीस बाई इतकी वर्षं?"

तेवढ्यात मोबाईल पुन्हा थरथरला. तेहतीस लाख!

"आता आणखी काय?"

मादीच्या मागून मुठीएवढं पिल्लू धडपडत येत होतं.

रुक्सानाने काकांचा हात गच्च धरला. "काका, हे पान मला फुकट झालेलं बघायचंय."