मानाचा फेटा
गावजत्रेच्या कुस्तीमैदानात गावच्या डॉक्टरांच्या डोक्यावर मानाचा फेटा ठेवायला पंचांनी शालूबाईलाच बोलावलं. "ह्यांनीच शालूबाईंच्या वीरधवल पैलवानाला कॅन्सरातनं वाचवलं!" माइकवाला ओरडला. शालूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. वाचवलं म्हणे! पोराचं अंड दगडासारखं झालं, तेव्हा ह्याच बाबानं विजार सोडायलासुद्धा न सांगता वर्षभर गोळ्या चारल्या, वर सल्ला, "कुस्तीत लागलंय, लंगोट आवळून बांध." मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर आजार पोटात पसरलेला. अंड काढलं, केमो झाली, पोरगं जगलं. पण अंगातली रग गेली ती गेलीच. आज ते मैदानाबाहेर चपला घालून उभं होतं. शालूबाईनं फेटा ठेवला आणि खस्सकन ओढून डॉक्टरांच्या नाकापर्यंत आणला. "अहो शालूबाई, मला काही दिसत नाही!" "ऱ्हाऊ द्या की," ती माइकात म्हणाली, "माझं पोरगं तपासताना तरी तुमाला कुठं बघायची गरज पडलीवती?"